नांदेड-लातूर भागांतील बारवा आणि नारू

महाराष्ट्रांतील बारवांकडे अलीकडे लोकांचें लक्ष नव्यानें वेधलें आहे. परभणी जिल्ह्यांतील चारठाणा व वालूर येथील बारवा पाहण्यास दूरदूरचे लोक येऊं लागले आहेत. गांवोगांवचे तरुण बुजलेल्या बारवांतील गाळ काढतात, मापें घेतात, छायाचित्रें जमवितात. ज्या वास्तूंत काल-परवांपर्यंत गांवचा केरकचरा पडत होता, त्यांची ही सेवा पाहून कोणाही इतिहासभक्तास आनंदच होईल. परंतु या निमित्तानें जें लेखन प्रसिद्ध होत आहे, त्यांत एक सूर वारंवार ऐकूं येतो. तो असा कीं, पूर्वजांनीं मोठ्या रसिकतेनें बारवा बांधल्या आणि विसाव्या शतकांतील अरसिक कारभाऱ्यांनीं त्यांची तोंडें बुजविलीं. पायऱ्यांच्या मुखाशीं घातलेली भिंत, काठावर ओतलेला सिमेंटचा कठडा, मधोमध बसविलेला लोखंडी पंप, या सर्वांस विद्रूपीकरण म्हणण्याची वहिवाटच पडली आहे. आमच्या मतें हा निवाडा एकतर्फी आहे. ती भिंत हाही इतिहासाचा एक कागदच होय, आणि त्या कागदावर ज्या रोगाची हकीकत आहे त्याचें नांव नारू. नांदेड व लातूर या दोन गांवांच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून या विषयाचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बारवेची बाजू सांगितली पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रांत यज्ञयागादि कर्मांस इष्ट व लोकोपयोगी कर्मांस पूर्त अशी संज्ञा आहे. वापी, कूप व तडाग हीं पूर्तांत अग्रभागीं येतात. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें दानाचा विचार करितांना जलदानास जो मान दिला तो केवळ पोथींतला नव्हे. मराठवाड्यांतील जुन्या बारवा हीच त्याची साक्ष आहे. शिल्पग्रंथांत वापीचे चार प्रकार सांगितले आहेत: एका मुखाची नंदा, दोन मुखांची भद्रा, तीन मुखांची जया व चार मुखांची विजया. कृष्णप्रस्तराच्या या देशांत पाणी खोल असतें व ऋतूप्रमाणें चढतें-उतरतें. साध्या आडावर चऱ्हाट व पोहरा लागतो. बारवेंत मनुष्यच पाण्याच्या मागोमाग खालीं उतरतो. वाटसरूजवळ दोर नसला तरी तो तहानलेला जात नाहीं. चैत्र-वैशाखांत पाणी तळाशीं गेलें तरी शेवटची पायरी त्यास गांठून असते. या युक्तीची थोरवी निःसंशय मोठी आहे, आणि नेमकें याच युक्तींत पुढच्या अनर्थाचें बीज होतें.

आतां नारूकडे वळूं. शब्दापासूनच आरंभ करणें सोईचें आहे. जुने कागद वाचणारास नारू हा शब्द दुसऱ्या अर्थानें परिचित असतो. कारू म्हणजे बलुतेदार व नारू म्हणजे अलुतेदार, अशी गांवगाड्याची परिभाषा आहे. त्या नारूचा व या नारूचा संबंध नाहीं. रोगवाचक नारूचें मूळ आम्हांस संस्कृत स्नायु या शब्दांत दिसतें. पालींत त्याचें न्हारु व प्राकृतांत ण्हारु असें रूप होऊन शिर किंवा तांत असा अर्थ राहिला. तेथून देशी भाषांत नारू, नहरुआ इत्यादि रूपें सहज निघतात. भावप्रकाशासारख्या उत्तरकालीन वैद्यकग्रंथांत या रोगास स्नायुक असेंच नांव आहे. युनानी वैद्यकांत यास मदिनेची शीर या अर्थाचें अरबी नांव मिळालें. संस्कृत वैद्य व अरब हकीम या दोघांनाही त्वचेंतून निघणारी ही पांढरी दोरी शिरेसारखी दिसली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ती शीर नसून जिवंत कृमि आहे हें शास्त्रशुद्ध रीतीनें ठरण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

ज्यांचें वय आज साठीच्या पुढें आहे व बालपण या भागांतील खेड्यांत गेलें आहे, त्यांस या रोगाचें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. तरुण वाचकांसाठीं मात्र सांगितलें पाहिजे. बहुधा गुडघ्याखालीं एक फोड उठतो व त्याची विलक्षण आग होते. फोड फुटला कीं कृमीचें टोंक बाहेर येतें. कृमि मीटरभरही लांब असतो. तो ओढून काढतां येत नाहीं. एका काडीवर रोज बोट-दोन बोटें गुंडाळीत जावें लागतें, आणि मध्येंच तुटला तर पाय सुजून पू होतो, कधीं सांधा कायमचा आखडतो. या रोगावर औषध नाहीं, लस नाहीं, व एकदां होऊन गेला म्हणून पुन्हां होत नाहीं असेंही नाहीं. माणूस क्वचितच दगावतो, म्हणून मृत्यूच्या नोंदींत तो जवळजवळ आढळत नाहीं. पटकी व प्लेग यांचा इतिहास लिहिला गेला आणि नारूचा राहिला, याचें एक कारण आम्हांस हेंच दिसतें. प्रेतांची मोजदाद सरकार ठेवी. खाटेवर महिना-दोन महिने पडून राहिलेल्या कुणब्याची कोण ठेवणार? पाणी आटल्यावर नारूचा जोर असे, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस व पेरणीच्या तोंडावर. ज्या घरांतील दोन कर्ते पुरुष मृगाच्या वेळीं अंथरुणास खिळले, त्या घराचें वर्षच बुडालें.

हा रोग पसरतो कसा, तें कळल्याशिवाय बारवेशीं त्याचें नातें ध्यानांत यावयाचें नाहीं. फोडाची आग शमावी म्हणून रोगी पाय गार पाण्यांत घालतो. पाण्याचा स्पर्श होतांच मादी कृमि हजारों सूक्ष्म पिलें पाण्यांत सोडते. पाण्यांत सायक्लॉप्स नांवाचा, डोळ्यांस जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जलकीटक असतो. तो हीं पिलें खातो. सुमारें दोन आठवड्यांत तीं त्याच्या पोटांत वाढून माणसास बाधण्याजोगीं होतात. असा कीटक पाण्याबरोबर कोणाच्या पोटांत गेला कीं त्याचें बीज देहांत रुजतें व सुमारें वर्षानें त्याच्या पायावर फोड उठतो. मग तो पाय पुन्हां पाण्यांत जातो. रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यानें 1870च्या सुमारास तुर्कस्तानांत सायक्लॉप्सचा हा दुवा दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मुंबईच्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेंत लिस्टन व तर्खड यांनीं यावर काम केलें, आणि मैसूर संस्थानांतील चित्रदुर्ग भागांत मूर्ति यांनीं 1930 नंतरच्या दशकांत पायविहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडण्याचा उपाय चालवून पाहिला.

या चक्रास तीन गोष्टी एकत्र लागतात: साचलेलें पाणी, त्यांत उतरणारा पाय, व तेंच पाणी पिणारें तोंड. आडाला कठडा असला तर पाय पाण्यास लागत नाहीं. वाहत्या नदींत सायक्लॉप्स टिकत नाहीं. बारवेंत मात्र तिन्ही गोष्टी एका ठिकाणीं आणि एकाच पायरीवर जुळून येतात. घागर भरणारी बाई शेवटच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यांत उभी राहते, तिच्या पायाला फोड आहे, आणि ती ज्या पाण्यांत उभी आहे त्यांतूनच घागर बुडवून घेते. तिला दोष देणें अन्यायाचें होईल. वास्तूची रचनाच तिला तेथें उभी करते.

येथेंच नांदेड व लातूर यांतील भेद स्पष्ट होतो. नांदेड गोदातीरीं वसलेलें. गुरु गोविंदसिंहांचें 1708 सालीं येथें देहावसान झाल्यापासून उत्तरेकडील यात्रेकरूंचाही ओघ येथें सुरू झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आल्यावर तो वाढला. नदीचें पाणी पिणाऱ्या व यात्रा भरणाऱ्या अशा गांवाचा शत्रु नारू नव्हे. त्याचा शत्रु पटकी. वरच्या घाटावर जें धुतलें जाई तें खालच्या घाटावर प्यालें जाई. लंडनमध्यें जॉन स्नो यानें 1854 सालीं पटकीचा संबंध पिण्याच्या पाण्याशीं लावून दाखविला, व कॉखनें 1884 सालीं कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यांत तिचा जंतु पाहिला; परंतु खेड्यापाड्यांत त्यानंतरही पुष्कळ वर्षें मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडणें हाच उपाय चालू होता. पुढचें गांव तो गाडा आपल्या शिवेबाहेर ढकली. रोग माणसाबरोबर गांवोगांव जातो एवढें निरीक्षण त्या रूढींत होतें हें नाकारतां येत नाहीं. चुकलें तें एवढेंच कीं, गाड्यापेक्षां घागरीकडे पाहावयास हवें होतें.

लातूर हें याच्या उलट. राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजे हेंच लातूर असें पुष्कळ विद्वान मानतात. एवढी जुनी कीर्ति असूनही गांव बालाघाटच्या पठारावर, मोठ्या नदीच्या काठापासून दूर. मांजरा आहे, पण ती उन्हाळ्यांत गोदावरीसारखी पाठीशीं उभी राहणारी नव्हे. येथें व आजूबाजूच्या औसा, निलंगा, धाराशिव या मुलखांत लोकांचा जीव आड, बारवा व तळीं यांवर. पावसाळ्यांत त्यांत भर पडे, उन्हाळ्यांत पाणी पायरी-पायरीनें खालीं जाई, आणि जितकें पाणी कमी तितके त्यांतील कीटक दाट. म्हणून हा मुलूख नारूचा. एकाच निजामी राज्यांत, एकाच काळीं, एका गांवास नदीनें पटकी दिली व दुसऱ्यास विहिरीनें नारू दिला.

राज्याचा उल्लेख आला म्हणून कारभाराविषयीं दोन शब्द. इंग्लंडांत 1848 सालच्या लोकारोग्याच्या कायद्यापासून नगरांनीं आरोग्याधिकारी नेमण्यास आरंभ केला. प्रत्येक बरोचा हा अधिकारी दरवर्षीं जन्म, मृत्यु, विहिरी, गटारें, दूध, घरें यांचा अहवाल छापून नगरसभेपुढें ठेवी, व ही रीत 1974 पर्यंत चालली. त्या बरोचें नांव मुंबई इलाख्यांत 1925च्या कायद्यानें आलें, व मोठ्या शहरांच्या नगरपालिका बरो म्युनिसिपालिट्या म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या. निजामाच्या राज्यास तो कायदा लागू नव्हता. हैदराबाद राज्यांतील जिल्ह्यांच्या नगरपालिकांचा कायदा 1956 सालीं झाला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें राज्यच विसर्जित झालें. मराठवाडा मुंबई राज्यांत आला, 1960 सालीं महाराष्ट्रांत आला, आणि 1965च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें नगरपालिकांचे जुने प्रांतिक कायदे एक झाले. 1948 ते 1960 या बारा वर्षांत या गांवांवर तीन राज्यांच्या मोहरा उठल्या. अशा घडामोडींत आरोग्याची सलग दप्तरी परंपरा रुजण्यास अवकाश कोठून मिळणार?

या सरहद्दीच्या आरपार एक गोष्ट मात्र जात होती, ती म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. अडीच फूट रुंदीची ही चिमुकली गाडी 1897 सालीं कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली व 1911 सालीं लातुरास पोंचली. बार्शी इंग्रजी अमलांत, लातूर निजामाच्या. लातूरचा गंज भरभराटीस आला तो या गाडीमुळें, हें सर्वश्रुत आहे. तिचा दुसरा उपकार तितका प्रसिद्ध नाहीं. या रेल्वेच्या नोकरींत क्नुट लिंडबर्ग नांवाचे एक स्वीडिश डॉक्टर होते. सायक्लॉप्ससारख्या जलकीटकांचा त्यांचा व्यासंग मोठा, व त्या जातींविषयींचें त्यांचें लेखन जगभरच्या तज्ज्ञांस परिचित आहे. त्यांनीं दख्खनमधील नारूची पाहणी केली. रेल्वेच्या डॉक्टरास सरहद्द नव्हती. रुळाच्या कडेचें गांव कोणाच्या राज्यांत आहे हें न विचारतां तेथील पाणी पाहण्याची सोय त्यास होती. या भागाच्या आरोग्याचा इतिहास शोधूं इच्छिणाऱ्यानें मोडी व फारसी दप्तरांबरोबर अशा परक्या डॉक्टरांचे वैद्यकीय निबंधही चाळले पाहिजेत असें आम्ही आग्रहानें म्हणतों.

उपाय आमच्याकडे अगदींच नव्हता असें नाहीं. मनूनें सहाव्या अध्यायांत यतीस पाणी वस्त्रानें गाळून पिण्याचा नियम घातला आहे. जैनांत तर गाळून पिणें हा गृहस्थाचाही आचार. हेतु जीवहिंसा टाळण्याचा असला तरी सायक्लॉप्स गाळण्यास घट्ट विणीचें फडकें पुरेसें असल्यामुळें त्याचें फळ आरोग्याचेंच होतें. येथें एक बारीक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. जैन आचाराप्रमाणें गाळण्यांत अडकलेले जीव पुन्हां त्याच जलाशयांत सोडावयाचे असतात. म्हणजे गाळणारा वांचे, पण विहीर होती तशीच राही. गांवापैकीं कोणी गाळावें व कोणी न गाळावें अशा व्यवस्थेंत चक्र थांबत नाहीं. त्यासाठीं पाय आणि पाणी यांची गांठ तोडणें भाग होतें.

आणि पायाची गोष्ट निघाली कीं या देशांत दुसरा एक प्रश्न टाळतां येत नाहीं. बारव पूर्तधर्मानें सर्व भूतांसाठीं बांधलेली. पण तिच्या पायऱ्या सर्वांस मोकळ्या नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं वर उभें राहून कोणी पाणी वाढील याची वाट पाहावी, नाहींतर ओढ्याच्या डबक्यावर जावें. डॉ. आंबेडकरांनीं 1927च्या मार्चांत महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें त्याचें मर्म या पठारावरील प्रत्येक गांवास लागू होतें. आमच्या विषयापुरतें पाहिलें तर येथें एक विचित्र विसंगति दिसते. पाणी बाटूं नये म्हणून समाजानें शतकानुशतकें कडक पहारा ठेवला. पण पहारा जातीवर होता, जखमेवर नव्हता. ज्यास उतरण्यास मनाई होती त्याच्या पायानें बारवेंत नारूचें बीज पडणें शक्यच नव्हतें. तें पडलें तें ज्यास अधिकार होता त्याच्याच पायानें. शुचितेचा एवढा बारीक विचार करणाऱ्या आमच्या पंडितांस हें सुचलें नाहीं याचें, त्याच परंपरेंत वाढलेल्या आम्हांस, वैषम्य वाटतें.

पुढचा इतिहास झपाट्यानें घडला. 1972च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळला, तेव्हां कठीण पाषाण फोडणारीं वायुदाबाचीं यंत्रें खेड्याखेड्यांतून फिरूं लागलीं व कूपनलिका झाल्या. परंतु नळी खोदणें सोपें, तींतून रोज शेंकडों घागरी उपसूनही न मोडणारा हातपंप मिळणें अवघड. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गांवाच्या माऱ्यापुढें टिकत ना. या अडचणींतून पहिली वाट काढली ती मराठवाड्यांतच. जालन्यास मिशनच्या लोकांनीं एक मजबूत पोलादी पंप बनविला तो जालना पंप. त्यावर सुधारणा होऊन सोलापूर पंप झाला. आणि त्यावरून युनिसेफच्या साह्यानें 1975 नंतर इंडिया मार्क दोन हा पंप सिद्ध झाला. तो पुढें आशिया-आफ्रिकेंतील लाखों खेड्यांत पोंचला. जालन्याचें नांव या कारणानें लोकारोग्याच्या इतिहासांत राहील, ही गोष्ट आमच्याकडील शाळांतून शिकविली जात नाहीं, ती शिकविली जावी.

भारत सरकारनें 1983-84 सालीं नारू-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. त्या वेळीं 7 राज्यांतील 89 जिल्ह्यांत, 12,840 गांवांतून सुमारें 40,000 रोगी आढळले. महाराष्ट्र त्या सात राज्यांपैकीं एक. कार्यक्रमाचे उपाय साधे होते. रोग्यानें पाण्यांत उतरूं नये म्हणून पाळत ठेवणें, पाणी गाळण्यास फडकीं वांटणें, सायक्लॉप्स मारणारें टेमेफॉस हें औषध पाण्यांत टाकणें, हातपंप बसविणें, आणि पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांस कठडा घालणें. देशांतील शेवटचा रोगी 1996च्या जुलैंत राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत आढळला, व 2000च्या फेब्रुवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. कोणतीही लस अथवा औषध नसतांना, केवळ पाण्याची वागणूक बदलून एका पुरातन रोगाचें या देशांतून उच्चाटन झालें.

तेव्हां आज बारवेच्या तोंडाशीं जी ओबडधोबड भिंत दिसते ती सर्वत्र अनास्थेचीच खूण आहे असें मानतां येत नाहीं. कित्येक ठिकाणीं ती आळसानें वा जागेच्या लोभानें घातली गेली असेल. पण कित्येक ठिकाणीं ती सहेतुक आहे, आणि तेथें ती भिंत घालणारा गवंडी हाही आमच्या मतें पूर्तकर्ताच होय. हेमाद्रीच्या काळीं ज्यानें पायऱ्या बांधल्या त्यास पुण्य लागलें असेल तर ज्यानें त्या बुजविल्या त्यासही तें लागावें.

याचा अर्थ हातपंपाच्या बाजूनें सर्व कांहीं आलबेल झालें असा मात्र नव्हे. कूपनलिकेनें पाणी दृष्टीआड गेलें. बारवेंत पाणी किती पायऱ्या उतरलें हें पोरासही दिसे. नळींतील पाणी किती खोल गेलें हें ती कोरडी पडेपर्यंत कोणास कळत नाहीं. लातूर 1982 सालीं जिल्ह्याचें ठिकाण झालें, वाढलें, 2011च्या जनगणनेंत पावणेचार लाखांच्या पुढें गेलें, आणि 2016च्या एप्रिलांत मांजरा धरण कोरडें पडल्यावर मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस प्रत्येकीं 50,000 लिटरच्या दहा वाघिणी आल्या. बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग रुंद होऊन गेला होता. त्याच मार्गानें हें पाणी लातुरांत उतरलें. नांदेडास नदी आहे, 1997 पासून महानगरपालिका आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. तेथील अडचण पाणी येण्याची कमी व जाण्याची अधिक. शहरांतील नाल्यांचें सांडपाणी गोदावरींत मिसळतें ही तक्रार तेथें जुनी आहे. पण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बारवांचीं टिपणें करणाऱ्या तरुण मित्रांस शेवटीं एक विनंति. मापें, मूर्ति व शिलालेख यांबरोबर पुढील गोष्टींचीही नोंद व्हावी. काठाच्या दगडांवर दोराच्या खांचा आहेत काय, म्हणजे पाणी शेंदून घेत कीं उतरून? मोटेचें थारोळें आहे काय? पायऱ्या कोणत्या थरापासून बुजविल्या आहेत, माती-दगडानें कीं सिमेंटानें? कठड्यावर साल कोरलें आहे काय? जवळ हातपंप असल्यास त्याची बनावट कोणती? आणि गांवांतील वृद्धांस एवढें अवश्य विचारावें कीं शेवटचा नारू कोणास व कोणत्या दुष्काळानंतर झाला, व पायऱ्यांवर कोणाकोणास उतरूं देत नसत. सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. गाळ काढून पायऱ्या मोकळ्या करण्यापूर्वीं त्या भिंतीचें एक छायाचित्र काढून ठेवावें.